चिमण्या सरकून बसल्या

१

आटपाट नगर नव्हतं की राजा-राणी नव्हती. साधी एक गल्ली होती, आणि गल्लीच्या वळणावर एक भट्टीवाला राहत होता. त्याला एक आई होती, एक बायको होती. खाली पावाची भट्टी आणि दुकान, वर दोन खोल्या, मधे अरुंद दगडी जिना. खायला होतं, ल्यायला होतं, हसायला तर उठता-बसता होतं. नव्हतं ते एकच. दोनदा सुनेला दिवस गेले आणि दोनदा, पाचवा महिना लागतो न लागतो तोच, हातातोंडाशी आलेलं निसटलं. तिसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा डॉक्टरीणबाईंनी डोळ्यांत डोळे घालून बजावलं, की बाळ कुशीत येईपर्यंत पलंग सोडायचा नाही, आणि जिन्याकडे तर ढुंकूनही बघायचं नाही.

सून मुलखाची कामसू. तिला एका जागी बसवणं म्हणजे वाऱ्याला खुंटीला बांधणं. सुरुवातीला तिने घरातल्या सगळ्या उशांचे अभ्रे उसवून पुन्हा शिवले, आणि शिवायला काही उरलं नाही तेव्हा रडायला बसली. मग भट्टीवाल्याने पलंग ओढून खिडकीला लावला. म्हणाला, घे, आजपासून गल्ली तुझ्या ताब्यात.

खिडकीखाली अंगणाची बुटकी भिंत होती, भिंतीच्या डोक्यावर विजेची तार, पलीकडे एक गाठाळ झाड. सकाळचे पाव निघाले की ट्रेमध्ये जो चुरा उरे, तो भट्टीवाला भिंतीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरून ठेवी, आणि मग तिथे नुसती झुंबड उडे. सासू भाजी निवडायला सुनेच्या उशाशी येऊन बसायची आणि दोघी मिळून त्या सगळ्यांना नावं ठेवायच्या, दोन्ही अर्थांनी. मान वाकडी करून एकेक तुकडा तपासणारा कावळा म्हणजे साहेब. पारव्यांचं जोडपं म्हणजे भाडेकरू, कारण वळचणीला फुकट राहून वर कुरकुरही तेच करत. रस्त्यात आडवा झोपणारा तांबूस कुत्रा जमादार. चोर आला असता तर त्याने उठून जिना दाखवला असता. चिमण्यांना एकेकटं नाव देण्याची सोय नव्हती, त्या सगळ्या मिळून शाळा. आणि राखी रंगाची मांजर म्हणजे विहीणबाई. न बोलावता यायची, मधोमध बसायची, पुढ्यात ठेवलेलं हुंगून तोंड फिरवायची, आणि कुणी लाडाने हात लावला तर ओरबाडायची. भट्टीवाल्याच्या मनगटावर तिची सही होती.

सून हसायची ती पोटावर हात ठेवून. हसण्यानेही काही व्हायला नको, ही धास्ती. सासू म्हणायची, हसऱ्या आईचं पोर चिवट असतं. हे कुणी सांगितलं म्हणून विचारलं तर म्हणायची, मीच, आत्ता.

२

पाचवा महिना लागला त्या सुमाराची गोष्ट. सकाळची शाळा भरली होती. आता चिमणीची जात कशी, तर एका कणासाठी एकमेकींच्या झिंज्या उपटणारी. पण भिंतीच्या पार तिकडच्या टोकाला, फाटकाजवळ, वीतभर जागा रिकामी राहिली होती. तिथे चुरा पडलेला होता, तसाच. इकडच्या चिमण्या टिपत टिपत तिथवर आल्या आणि थांबल्या, तिकडच्या तिकडे थांबल्या. मधे कुणी बसलेलं असावं आणि त्याला कोपर लागू नये, अशा अंग चोरून.

सुनेला वाटलं, ओल असेल. नाहीतर मुंगळे. नवऱ्याला सांगितलं तर तो हातचं काम टाकून गेला, भिंतीवर तळवा फिरवून आला. ना ओल, ना मुंगळा, ना दगड तापलेला. तिथलाच चुरा चिमटीत घेऊन त्याने तोंडात टाकला आणि वर खिडकीकडे बघून मिटक्या मारल्या, की माझ्या पावात खोट काढू नका.

दुसऱ्या दिवशी त्याने गंमत म्हणून त्या जागी अख्खा गरम पाव ठेवला. चिमण्या दोन्ही बाजूंनी आल्या आणि तशाच बसून राहिल्या. घरातलं वडीलधारं माणूस ताटावर येईपर्यंत बाकीचे हात आवरून बसतात ना, तशा. मग काय झालं कोण जाणे, सगळ्यांनी एकदम खायला सुरुवात केली, पण आपापल्या पुढ्यातलं. पावाला चोच नाही. साहेब भिंतीवरून टुणटुणत आला, त्या जागेपाशी पोचला, भिंतीवरून खाली उतरला, चार पावलं मातीतून चालला आणि पलीकडून पुन्हा वर चढला. त्याला पंख होते. त्या जागेवरून उडून जाणं मात्र त्याला बरं वाटलं नाही.

सासू म्हणाली, तुझ्या नवऱ्याचा पाव खाऊन कावळ्यालासुद्धा रीतभात आली. दोघी हसल्या. सून जरा उशिरा हसली.

३

ती जागा एका ठिकाणी राहिली असती तर सुनेने ती विसरूनही टाकली असती. पण ती हलत होती. आज फाटकाशी, मग फाटकाच्या अलीकडे, मग पन्हाळीच्या नळापाशी. कधी वर तारेवर. भाडेकरू दोघं एकमेकांना चिकटून बसायचे, इतके की सासू मान फिरवून घ्यायची. ते एका सकाळी मधे जागा सोडून बसलेले दिसले, आणि भांडण झाल्याचं काही दोघांच्या तोंडावर दिसेना.

डोळे मिटून पडलं तरी कळायचं. भिंतीवर चिवचिवाटाचा नुसता कल्लोळ चाललेला असे, आणि त्यात एक मुकी जागा. ती पुढे सरके. तिच्यापुढचा आवाज बाजूला होई आणि मागचा पुन्हा मिटून येई, गुडघाभर पाण्यातून कुणी सावकाश चालत यावं तसा.

जमादार हातगाडीला उठत नसे, गाडीवाला शिव्या देत वळसा घाली. तो एका भर दुपारी आपणहून उठला, शेपूट हलवली आणि वाट सोडून भिंतीला टेकून उभा राहिला. माणूस जवळून गेलं की कुत्रं मान वर करून बघतं. जमादारने मान वर केली नाही. तो समोर बघत होता, आपल्याच डोळ्यांच्या उंचीवर, आणि त्याची नजर हळूहळू आमच्या-तुमच्या चालीने फाटकापासून जिन्याच्या दिशेने फिरली. मग तो पुन्हा आडवा झाला.

सून काही भोळीभाबडी नव्हती. ती स्वतःशी भांडे. चिमण्यांना तिथे कधी ससाणा दिसला असेल, त्या धसक्याने सोडत असतील. कुत्र्यालाही स्वप्नं पडतात. पारव्यांचं म्हणशील तर नवरा-बायकोचं काही सांगता येत नाही. एकेकाला कारण सापडे. सगळ्यांना मिळून एक कारण शोधायला गेली, की ती भाजीचं ताट मागून घेई.

एवढं सोडलं तर घरात आनंदीआनंद होता. धोक्याचा महिना उलटला. पुढचाही उलटला. पोर पोटातून लाथा झाडायला लागलं, आणि भट्टीवाला पिठाचे हात धुवायचं विसरून वर धावत यायचा. सुनेच्या प्रत्येक झग्यावर पोटाशी पांढरा पंजा उमटलेला असायचा. सासू म्हणायची, आमच्या घरात कोण कुठे होतं ते विचारावं लागत नाही, ठसे बोलतात.

४

मग ती दुपार आली. सासू खाली दुकानात होती, भट्टीवाला मागे पीठ मळत होता, त्याचा धपधप आवाज जमिनीतून वर येत होता. सुनेच्या पापण्या जड झाल्या होत्या. जिन्याच्या पायथ्याशी कुणीतरी म्हणालं, "येते हं."

आवाज हलका होता, घाईतला नव्हता. शेजारची शिवणवाली सुनेची जिवाभावाची मैत्रीण, पाव न्यायला आली की खालूनच हाक मारायची. सुनेने डोळे न उघडता म्हटलं, "हं, ये."

आता आपल्यात जाणारं माणूस काही "जाते" म्हणत नाही, जीभ रेटत नाही. जायचं असलं तरी म्हणायचं येते, आणि मागे राहणाऱ्याने म्हणायचं ये. बोलण्यातलं बोलणं, त्यात विचार कसला करायचा.

सासू वर आली तेव्हा सुनेने सहज विचारलं, शिवणवाली आज फार थांबली नाही का. सासू म्हणाली, शिवणवाली सकाळीच भावाकडे गेली. दुपारपासून दुकानात माशीसुद्धा फिरकली नाही.

सुनेला आधी काही वाटलं नाही. चहा अर्धा झाल्यावर वाटलं. येते हे जाणारा म्हणतो, तसं येणाराही म्हणतो. आपण विचारलंच नाही, दोन्हींतलं कुठलं.

आणि मग विहिरीच्या तळातून बादली वर यावी तशी दुसरी आठवण आली. पहिल्या वेळी दुकानात गर्दी होती, ती सुटे पैसे देत होती, आणि कानाशी कुणी म्हणालं होतं, येते हं. तिने मान वर केली नव्हती. दुसऱ्या दिवशी सगळं आटोपलं. दुसऱ्या खेपेला ती कपडे धूत होती, नळ सोडलेला होता, आणि पाठीमागून तोच आवाज, तेच दोन शब्द. ती काही बोलली नव्हती. त्याच संध्याकाळी. यातलं तिने कधी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण सांगण्यासारखं वाटलंच नव्हतं. निरोपच तो. निरोप कोण लक्षात ठेवतं?

५

तिने सासूला सांगितलं. या बाईकडे मेलेल्यालाही उठून बसवेल असं उत्तर असायचं. आज शेंगा सोलणारे हात ताटात तसेच राहिले. मग तिने विचारलं,

"आणि या खेपेला काय म्हणालीस?"

"ये म्हणाले, आई."

सासू उठली आणि तिने खिडकी लावून घेतली.

भट्टीवाल्याला कळलं तेव्हा तो पलंग मागच्या खोलीत न्यायला निघाला. सून म्हणाली, नको. तिकडून काही दिसणार नाही, आणि येणारं दिसलेलं बरं. सासू सुनेची पाठ सोडेना. ती तिथेच जेवे, तिथेच झोपे, विनोदही करी, पण विनोद करून झाला की दाराकडे बघे.

खिडकी लावून काही उपयोग नव्हता. ते खिडकीतून येतच नव्हतं. ते चांगल्या घरच्या माणसासारखं जिन्याने येत होतं.

हे विहीणबाईमुळे कळलं. उघड्या दारातून पलंगावरून जिना दिसायचा, आणि दुपारच्या उन्हाला विहीणबाई पायरीच्या मधोमध पसरलेली असायची. तिला ओलांडून जावं लागे, पाव घेऊन चढणारा भट्टीवालासुद्धा तिची माफी मागून लंगडी घाली. ती आता उठून बाजूला होऊ लागली. खालच्या पायरीवर असताना झाली, मग काही दिवसांनी मधल्या, मग वरच्या. उठायची, भिंतीला अंग लावून उभी राहायची, जागा द्यायची, आणि मग पुन्हा लवंडायची. शेपटी फुगलेली नाही, कान पडलेले नाहीत. घाबरलेलं मांजर कसं दिसतं ते दोघींना ठाऊक होतं, आणि विहीणबाई तशी दिसत नव्हती. खरं तर त्याचीच जास्त भीती वाटायची.

सून रोज सकाळी पोटावर हात ठेवी आणि आतून लाथ येईपर्यंत श्वास सोडत नसे. लाथ आली की घरभर सगळे मोकळे होत, खाली भट्टीचं दारसुद्धा मोठ्याने उघडे.

६

नववा महिना भरत आला होता. दुपारचं ऊन खोलीत पार पलंगापर्यंत आलं होतं. सासू बाळासाठी जुन्या साड्यांचे चौकोन फाडून घड्या घालत होती आणि आपल्याच बाळंतपणाची एक गोष्ट सांगत होती, ज्यात ती दर वेळी जास्त शूर व्हायची. सुनेचं लक्ष भिंतीकडे गेलं. काचेपलीकडे शाळा गच्च भरली होती. या टोकापासून त्या टोकापर्यंत चिमण्याच चिमण्या, मुंगीला शिरायला जागा नाही. कुठेही मोकळं नव्हतं.

म्हणजे ते आता बाहेर नव्हतं.

विहीणबाई उंबऱ्यावर बसली होती. ती बसल्या बसल्या थोडी बाजूला सरकली. आणि मग तिच्या कपाळावरचे केस दबले. दबत दबत मानेवर आले, पाठीवर आले, शेपटीच्या मुळापर्यंत गेले, आणि मागे मागे पुन्हा उभे राहिले. एकदा झालं. पुन्हा झालं. सावकाश, आणि जरा अडाणीपणाने, केसांच्या उलट दिशेनेही. जिने गल्लीत कुणाचं मनगट सोडलं नव्हतं ती मांजर डोळे मिटून घरघर करत होती. आणि तो हात, हात म्हणायचा तर, पलंगाच्या उंचीचाही नव्हता.

"येते हं," उंबऱ्यावरून आवाज आला. आणि थांबला. उत्तर मिळाल्याशिवाय पाय न टाकणारं माणूस थांबतं तसा.

सासूने सुनेचं मनगट धरलं आणि मान हलवली, नको.

सुनेच्या मनात काय काय आलं असेल! हा आवाज दोनदा आला होता आणि दोनदा पोर गेलं होतं. मग हा आवाज न्यायला येणाऱ्याचा. की दोनदा कुणी दारापर्यंत आलं होतं, आणि घरात ये म्हणायला कुणाला सवड नव्हती म्हणून परत गेलं होतं? दोन्ही गोष्टी सारख्याच जुळत होत्या. विचारायला तिसरं कुणी नव्हतं. पोटातलं पोर अगदी गप्प होतं, कान देऊन ऐकावं तसं.

तिने मांजरीकडे बघितलं. मग हाताच्या कोपरावर भार देऊन, त्या एवढ्या पोटासकट, ती भिंतीच्या बाजूला सरकली. शेजारच्या चादरीवरच्या सुरकुत्या तिने तळव्याने सारख्या केल्या.

"ये," ती म्हणाली. "ये गं. किती दिवस दारात उभी राहशील."

बाहेर चिमण्या ओरडतच होत्या. खाली पिठाची धपधप चाललीच होती. काही वेळ तेवढंच.

मग तिच्या शेजारी गादी दबली. फार नाही, मांजर चढल्यावर दबते तेवढी. मांजर उंबऱ्यावरच होती.

सासूने ते बघितलं. ती त्या खळग्याकडे टक लावून राहिली, हातात फाटलेली साडी. तिने आपलं स्टूल जरा मागे ओढलं, पाय ठेवायला जागा व्हावी म्हणून. आणि जन्माची सवय कुठे जाते, तिने त्या रिकाम्या जागेला विचारलं,

"पाणी देऊ का, बाई?"

सुनेला हसू फुटलं. असं फुटलं की पोटावर हात ठेवायचं राहूनच गेलं. सासूही हसायला लागली, डोळ्यांतून पाणी काढून, एका हाताने तोंड झाकून. आणि त्या हसण्यातच पहिली कळ आली.

७

भट्टीवाल्याने सुनेला खुर्चीसकट जिन्यावरून उतरवलं. हातगाडीवाल्याने आपली गाडी रिकामी करून दिली, आणि जमादार उठून पुढे पळाला, जन्मात पहिल्यांदा. दवाखान्यात सासू दाराबाहेर बसली आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक नर्सबाईला बाळंतपण कसं करायचं ते शिकवू लागली. शेवटी त्यांनी तिला बिस्किटं देऊन गप्प केलं.

उजाडता उजाडता मुलगी झाली. ती लगेच रडली नाही. डॉक्टरीणबाईंच्या हातात तिने मान वळवून आईकडे बघितलं, मग खिडकीकडे, मग पुन्हा आईकडे. नर्सबाई म्हणाली, एवढ्यात काही दिसत नसतं हो त्यांना. मग तिने तोंड उघडलं आणि असा टाहो फोडला की बाहेर सासूच्या हातातलं बिस्किट पडलं.

सुनेने तिला छातीशी धरलं. ओलं, ऊन, जड असं ते ओझं तिने पुन्हा पुन्हा हातांवर तोलून बघितलं. ते तिथेच होतं. कुठेही जात नव्हतं.

भट्टीवाला गल्लीला सांगायला धावत निघाला, आणि वळणावरच त्याला वास आला. काल दुपारी पाव भट्टीत घातलेले, आणि ते काढायचं भान कुणाला होतं? दार उघडलं तर सगळाच्या सगळा पाव काळा, कोळशाच्या भावाने विकावा असा. तो पाव काढायचं लांब दांड्याचं फावडं हातात घेऊन तिथेच खाली बसला आणि हसत सुटला.

सकाळच्या पावाला लोक पिशव्या घेऊन आले. त्याने काय झालं ते सांगितलं आणि म्हणाला, आज हेच आहे, घ्या, पैसे नकोत. कुणी मागे फिरलं नाही. सुरीने वरचा कोळसा खरवडत, आतला पांढरा मऊ भाग शोधत, सगळे दुकानासमोर उभे राहूनच खायला लागले. शिवणवाली हातातली शिवण टाकून तशीच आली होती. ती म्हणाली, इतका वाईट पाव मी जन्मात खाल्ला नाही, अजून एक दे.

अशी भट्टीवाल्याच्या घरी लेक आली. त्या सकाळी अख्ख्या गल्लीने तोंडं काळी केली, म्हाताऱ्या-कोताऱ्यांनीसुद्धा, आणि कुणालाही त्याची लाज वाटली नाही.